एका खेळण्याची बखर

२०२५ ची राखीपौर्णिमा. मी डोंबिवलीला ताईकडे गेलो होतो. राखी बांधून झाली, नारळीभाताचे ताट पुढे आले, आणि पहिला घास तोंडात जातो न जातो तोच ताईने विषयाला हात घातला.

"तुझ्या भाच्याला आता तूच काय ते सांग. हे खूळ या घरात आणलेस तू."

आरोप खरा होता. २०२२ च्या अखेरीस, भाच्याच्या ऐन दहावीच्या वर्षात, माझ्या एका कादंबरीचे मानधन नुकतेच हाती आले होते. "मामा, कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड हवे आहे. वापरलेले आहे, पण नऊ हजारांत मिळतेय," असे तो म्हणाला आणि मी कसले कार्ड, कशासाठी, कोणाकडून, यातले काही एक न विचारता नऊ हजार रुपये देऊन टाकले. मामाने द्यावे, विचारू नये, अशी तेव्हा माझी समजूत होती. कार्ड चार महिने चालले. मग एके दिवशी पडद्यावर रंगीबेरंगी पट्टे उमटले आणि त्याने राम म्हटला. विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. पैसे गेले ते गेलेच; पण ताईच्या मनात 'कार्ड' हा शब्द सट्टा आणि मटका यांच्या पंक्तीला जाऊन बसला.

आता भाचा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. दोन वर्षे लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने ३२,००० रुपये साठवले होते, आणि ते सारे एका नव्या ग्राफिक्स कार्डावर घालण्याचा त्याचा बेत होता. दुधाने तोंड पोळले म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो खरा. परंतु अठराव्या वर्षी फुंकण्याइतका धीर कोठला? ते काम मामाने करावे, असे ताईचे म्हणणे.

मी चित्रकलेचा शिक्षक. दहावी झाल्यावर चित्रकलेची पदविका घेतली आणि तालुक्याच्या शाळेत रेषा, रंग आणि छायाप्रकाश शिकवू लागलो, त्याला वीस वर्षे होऊन गेली. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्राच्या पोटातले मला फारसे कळत नाही. पण कादंबरीमुळे एक खोड मात्र जडली आहे: पात्राचे आजोबा-पणजोबा कोण हे ठाऊक झाल्याशिवाय ते पात्र मला समजत नाही. म्हणून भाच्याला म्हटले, "आठवडाभर थांब. आधी याचे कूळ पाहू, मग सोयरीक ठरवू."

त्या आठवड्याचे चार आठवडे झाले. त्यात जे हाती लागले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो. ज्यांच्या घरी असा एखादा भाचा, पुतण्या वा नातू असेल त्यांना ते उपयोगी पडेल. नसेल त्यांना एका खेळण्याने चाळीसएक वर्षांत केवढी मजल मारली याची हकीकत तरी कळेल.

२

प्रथम हे कार्ड करते काय ते पाहू.

दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात. संगणकाचा पडदा म्हणजे तशीच एक रांगोळी, फक्त ठिपके फार बारीक आणि फार दाट. भाच्याच्या मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके आहेत. गुणाकार केला तर २०,७३,६००. खेळ चालू असताना ही सबंध रांगोळी दर सेकंदाला साठ वेळा पुसून साठ वेळा नव्याने भरायची. म्हणजे सेकंदाला १२,४४,१६,००० ठिपके. त्यातून प्रत्येक ठिपक्याचा रंग आधी ठरवायचा: उजेड कोणीकडून येतो, सावली कोठे पडते, पुढचे झाड मागच्या भिंतीला कितपत झाकते. वर्गात एक सुरई आणि दोन पेरू ठेवून मुलांना छायाप्रकाश दाखवायला मला दोन तास लागतात!

संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे घरातली जाणती आजी. कसलीही अवघड रांगोळी ती काढील, पण एका हाताने आणि एकामागून एक ठिपका. अलीकडे तिच्या जोडीला पाच-सात जावा असतात. तरी हात मोजकेच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे आळीतल्या हजार-दोन हजार पोरी. एकेकीला फारसे येत नाही. परंतु प्रत्येकीला थोडे ठिपके वाटून दिले आणि "भरा" म्हटले, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच अंगण भरून जाते. आजीचे बळ शहाणपणात, पोरींचे संख्येत. एवढे ध्यानात राहिले की पुढची सारी बखर सोपी.

३

आरंभी मात्र पोरीही नव्हत्या आणि रांगोळीही नव्हती. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आय.बी.एम. कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा पडद्यासाठी तिच्याजवळ दोन कार्डे होती. एक नुसती अक्षरे दाखवी: ८० अक्षरांच्या २५ ओळी, हिशेबनिसांच्या कामाच्या. दुसरे चित्र काढी; परंतु ३२० गुणिले २०० ठिपके आणि त्यांत रंग चार. त्याची स्मृती १६ किलोबाइट. त्या चित्राला १६,००० बाइट लागत. एक चित्र आले की घर भरले! स्वच्छ अक्षर हवे की रंगीत चित्र, असा पेच गिऱ्हाइकापुढे पहिल्याच दिवशी उभा राहिला. कार्ड निवडण्याची डोकेदुखी कार्डाइतकीच जुनी आहे, ती अशी.

त्या पेचातून वाट काढली ती थायलंडच्या एका विद्यार्थ्याने. व्हॅन सुवन्नुकुल हे त्याचे नाव. त्याला आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी पडद्यावर थाई लिपी हवी होती. अक्षरांच्या कार्डाला ठराविक अक्षरांपलीकडे काही येत नव्हते, आणि चित्राच्या कार्डावर थाईची नाजूक वळणे जाडीभरडी दिसत. त्याने स्वतःच कार्ड घडवले: ७२० गुणिले ३४८ ठिपके, रंग एकच, पण रेघ कोरीव. १९८२ साली निघालेले हे हर्क्युलिस कार्ड पुढे जगभर खपले.

आपल्याकडेही नेमकी हीच अडचण होती. कानपूरच्या आय.आय.टी.त देवनागरी पडद्यावर आणण्याचे काम चालले होते. ते पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत आले. तेथल्या 'जिस्ट' कार्डाचे नाव जुन्या कचेऱ्यांत काम केलेल्यांना आठवत असेल. संगणकाच्या खाचेत ते बसवले की इंग्रजीखेरीज काही न जाणणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर मराठी उमटू लागे. मोहन तांबे यांचे नाव या कामाशी निगडित आहे. ज्या वस्तूला आज आपण पोरांचे खेळणे म्हणतो तिच्या घराण्यात मातृभाषेसाठी झटलेली माणसे निघावीत, हे वाचून मला, खरे सांगायचे तर, भाच्याबद्दल थोडे बरे वाटू लागले.

४

आता खेळ. घनाकृती वस्तू सपाट पडद्यावर कशी दाखवायची, हा चित्रकाराचा जुना प्रश्न अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात १९७० च्या सुमारास गणिताने सोडवायला घेतला गेला. आंरी गूरो याने १९७१ मध्ये पृष्ठभागावर छटा एकसारखी पसरवण्याची रीत काढली. बुई तुओंग फोंग या व्हिएतनामी तरुणाने गोलाकार वस्तूवर उजेडाचा चमकता ठिपका नेमका कोठे पडेल याचे गणित मांडले, आणि १९७५ मध्ये, अवघ्या तिशीत, तो वारला. त्याच वर्षी मार्टिन न्यूएलने आपल्या घरची चहाची किटली कागदावर रेखाटून संगणकात उतरवली. चित्रगणिताच्या विद्यार्थ्यांची ती आज पन्नास वर्षे 'सुरई आणि पेरू' होऊन बसली आहे.

या मंडळींचे शास्त्र पुढे सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीच्या महागड्या यंत्रांत उतरले. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'मधले संगणकावर काढलेले डायनोसॉर त्याच यंत्रांवरचे. तशी यंत्रे घरी आणणे कोणाला परवडणार? परंतु याच कंपनीत पूर्वी काम केलेल्या रॉस स्मिथ, गॅरी टारोली आणि स्कॉट सेलर्स या तिघांनी १९९४ मध्ये थ्रीडीएफएक्स ही कंपनी काढली. १९९६ मध्ये मेमरीचे भाव उतरले, आणि त्यांचे 'व्हूडू' कार्ड साध्या घरातल्या संगणकाच्या आवाक्यात आले.

हे कार्ड मोठे विचित्र होते. त्याला साधे अक्षर दाखवता येत नसे. म्हणून घरातले जुने कार्ड तसेच ठेवायचे, त्यातून एक वायर व्हूडूत आणायची आणि व्हूडूतून मॉनिटरला न्यायची. एरवी ते मुकाट बसे. खेळ सुरू झाला की पडदा आपल्या ताब्यात घेई. स्मृती ४ मेगाबाइट. पंख्याची गरज नाही. १९९७ च्या जानेवारीत 'क्वेक' या खेळाची त्याच्यासाठी केलेली आवृत्ती आली, आणि चौकोनी खडबडीत भिंती एकाएकी गुळगुळीत झाल्या. मी त्या सुमारास दहावी होऊन पेन्सिलीने छटा चढवायला शिकत होतो. जगाच्या दुसऱ्या टोकाला एक यंत्र तेच शिकत होते, याचा मला पत्ताही नव्हता.

त्याच काळात एस-थ्री कंपनीचे 'व्हर्ज' नावाचे कार्ड स्वस्तात मिळे. त्याच्याही खोक्यावर 'थ्रीडी' असे लिहिलेले असे. पण त्याची ती करामत सुरू केली की खेळ वेगाने पळण्याऐवजी पुष्कळदा रेंगाळे. लोक त्याला वेग कमी करणारे कार्ड म्हणून हसत. खोक्यावरचा शब्द आणि खोक्यातली वस्तू यांतले अंतर गिऱ्हाइकाने पहिल्यांदा मोजले ते येथे.

५

व्हूडूचे साम्राज्य किती वर्षे टिकले? चार.

त्याचा प्रतिस्पर्धी म्हणजे एन्व्हिडिया. जेन्सन ह्वांग, ख्रिस मॅलाकोव्स्की आणि कर्टिस प्रीम यांनी ती १९९३ मध्ये काढली. तिचे पहिलेच कार्ड, १९९५ चे एनव्ही-१, पडले. कारण समजण्यासारखे आहे. पडद्यावरची प्रत्येक वस्तू लहान लहान तुकड्यांची बनवावी लागते. थ्रीडीएफएक्सने त्रिकोण घेतले, एन्व्हिडियाने चार कोपऱ्यांचे वळणदार तुकडे घेतले. आता चार पायांचे टेबल डुगडुगते, तिवई कधी डुगडुगत नाही. तीन बिंदू नेहमी एका पातळीत बसतात. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या विंडोजसाठी त्रिकोणच पत्करला. एन्व्हिडियाचा तेव्हा सेगा या जपानी खेळकंपनीशी करार होता. आपला मार्ग चुकला आहे, हे यंत्र पुरे करण्यात अर्थ नाही, पण पैसे मिळाले नाहीत तर आम्ही बुडू, असे ह्वांग यांनी सेगाला सरळ सांगितले. आणि सेगाने पैसे दिले. हा प्रसंग त्यांनी पुढे जाहीर भाषणात सांगितला आहे. निम्म्याहून अधिक माणसे कमी करून कंपनी पुन्हा उभी राहिली, आणि १९९७ चे तिचे रिव्हा १२८ कार्ड, त्रिकोणांचे, बाजारात चालले.

इकडे थ्रीडीएफएक्सला यशाची धुंदी चढली. तोवर ती फक्त चिप बनवी, आणि कार्डे दुसऱ्या कंपन्या बनवून विकत. १९९८ च्या डिसेंबरात तिने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले. आता सारे आपणच करू, सारा नफा आपलाच! जे कालपर्यंत तिचा माल विकत होते ते एका रात्रीत प्रतिस्पर्धी झाले आणि एन्व्हिडियाच्या दारी गेले. त्यातच नवी कार्डे वेळेवर निघेनात. १९९९ च्या ऑक्टोबरात एन्व्हिडियाचे जीफोर्स २५६ आले. २००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता त्याच प्रतिस्पर्ध्याला विकण्याचे ठरवले, आणि २००२ मध्ये दिवाळे काढले. ज्यांनी आदल्या दिवाळीत व्हूडू घेतले होते त्यांच्या कार्डाला पुढे नवी आज्ञावली पुरवणारे कोणी उरले नाही. कार्ड शाबूत आणि कंपनी नाहीशी, अशी ती अवस्था.

मैदानात मग दोनच घराणी उरली: एन्व्हिडिया आणि कॅनडातली एटीआय. १९८५ मध्ये निघालेली ही एटीआय २००६ साली एएमडीने घेतली. २०२२ मध्ये इंटेलनेही आपली आर्क कार्डे घेऊन या बाजारात पुन्हा पाऊल टाकले.

६

आता या बखरीतले नावांचे प्रकरण. "मामा, मोठा आकडा म्हणजे चांगले कार्ड," असे भाचा मला पहिल्या दिवशी म्हणाला होता. इतिहास त्याच्या बाजूने नाही.

२००२ मध्ये जीफोर्स-४ एमएक्स नावाचे कार्ड निघाले. नाव चौथ्या पिढीचे. पोटात बव्हंशी दुसऱ्या पिढीचे यंत्र. तिसऱ्या पिढीला जे जमत होते ते या चौथीला जमत नव्हते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! २०१४ च्या जीटीएक्स ९७० वर ४ गिगाबाइट स्मृती लिहिलेली होती. २०१५ च्या आरंभी कळले, की त्यांतली साडेतीन चपळ आणि अर्धी मंद. अमेरिकेत दावा झाला आणि २०१६ मध्ये तेथल्या गिऱ्हाइकांना दर कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. दुसरे घराणेही सोवळे नव्हे: २०१७ मध्ये एएमडीच्या आरएक्स ५६० या एकाच नावाखाली १,०२४ गणक असलेली आणि ८९६ च असलेली अशी दोन्ही कार्डे विकली जात असल्याचे उघड झाले. २०२२ च्या सप्टेंबरात एन्व्हिडियाने आरटीएक्स ४०८० ही दोन कार्डे जाहीर केली, १६ आणि १२ गिगाबाइटची. फरक केवळ स्मृतीचा असता तर गोष्ट निराळी. येथे चिपच वेगळी आणि लहान होती. गिऱ्हाइकांनी एवढा गिल्ला केला, की महिन्याच्या आत १२ चे कार्ड मागे घ्यावे लागले. तेच २०२३ च्या जानेवारीत '४०७० टीआय' असे बारसे होऊन परत आले.

आणि २०२५ च्या जानेवारीत, नवे आरटीएक्स ५०७० जुन्या ४०९० च्या तोडीचे आहे, असे व्यासपीठावरून सांगण्यात आले. खुलासा असा, की दाखवलेल्या दर चार चित्रांपैकी तीन चित्रे खेळाने दिलेली नसून कार्डाने अंदाजाने मधे घातलेली. ती डोळ्याला गुळगुळीत दिसतात, पण खेळणाऱ्याच्या बोटाला खेळ तेवढ्या चपळाईने उत्तर देत नाही. परीक्षेत चारपैकी एक प्रश्न सोडवून उरलेले तीन सुंदर अक्षरात भरून देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

७

येथवर मी गमतीने वाचत होतो. पुढचे प्रकरण माझ्या नऊ हजारांचे आहे.

हजार पोरींची ही फौज रांगोळीखेरीज दुसरेही मोजकाम करील, हे शास्त्रज्ञांनी ओळखले होते. एन्व्हिडियाने २००६ मध्ये 'कूडा' नावाची सोय जाहीर करून ती फौज कोणालाही कामाला लावता येईल असे केले. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या ॲलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्स्केवर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रे ओळखणारे एक कृत्रिम मज्जाजाल बनवले. त्यासाठी त्यांनी वापरली दोन जीटीएक्स ५८० कार्डे. कोणत्याही खेळवेड्या मुलाच्या घरी असतील तशी, प्रत्येकी ३ गिगाबाइटची. सुमारे बारा लाख चित्रे पाचसहा दिवस त्यांना दाखवली. त्या वर्षीच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या चुका २६ टक्क्यांवर होत्या, यांच्या १५.३ टक्के. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून जग डोक्यावर घेते तिचा हा मोठा वळसा. हिंटन यांना २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, जॉन हॉपफिल्ड यांच्याबरोबर विभागून. वीस-पंचवीस वर्षे जगभरच्या पोरांनी खाऊचे पैसे साठवून जी कार्डे घेतली, त्या पैशावर हे यंत्र वाढले, स्वस्त झाले, आणि शास्त्रज्ञांच्या हाती आले. पोरांचा खेळ वाया गेला असे आता कोण म्हणेल?

पण त्याची दुसरी बाजू आहे. जे यंत्र शास्त्रज्ञाला उपयोगी तेच सटोडियालाही. इथेरियम नावाचे आभासी नाणे या कार्डांवर आकडेमोड करून मिळवता येई. त्याला तिकडे 'मायनिंग', खाणकाम, म्हणतात. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये लोकांनी कार्डांच्या थप्प्या रचून रात्रंदिवस हे खाणकाम चालवले. दुकानांत कार्ड मिळेना. मिळाले तर छापील किमतीच्या कितीतरी वर. मग १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि एका दिवसात ही सारी कार्डे बेकार झाली. ती धुऊन-पुसून जुन्या बाजारात आली.

२०२२ ची अखेर. वापरलेले कार्ड. नऊ हजार.

त्या कार्डाचे पूर्वचरित्र मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु त्याच्या पंख्याची बूड झिजली होती आणि आतली वंगणाची लापशी वाळून खडू झाली होती, असे दुरुस्तीवाल्याने भाच्याला तेव्हाच सांगितले होते. एका शाळकरी मुलाच्या घरी तासभर खेळून पंखा असा झिजत नाही. मी एवढेच विचारले असते, "बाबा रे, हे आजवर कोणाकडे होते?" तर पैसे वाचले असते. पात्राच्या आजोबांची चौकशी करणारा मी, कार्डाच्या आदल्या मालकाची चौकशी केली नाही.

सट्टेवाले गेले, आणि त्यांच्या जागी त्यांच्याहून मोठे गिऱ्हाईक आले. २०२३ पर्यंत एन्व्हिडियाला खेळाच्या कार्डांपेक्षा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड कोठारांतून अधिक पैसा मिळू लागला. ज्या मुलांच्या जिवावर दुकान वाढले ती मुले आता दुकानाच्या मागच्या रांगेत उभी आहेत. मुलाने स्वतः डोळे उघडे ठेवावेत, हे म्हणूनच पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक.

८

चार आठवड्यांनी भाचा आणि मी ग्रँट रोड स्टेशनला उतरलो. डॉ. भडकमकर मार्ग हे नाव पाटीवर आहे. तोंडात अजून लॅमिंग्टन रोडच. वाटेत गाडीत आम्ही एक कागद तयार केला होता. त्यात कार्ड शेवटी लिहिले होते, आधी बाकीचे.

पहिला प्रश्न पडद्याचा. मॉनिटर २०,७३,६०० ठिपक्यांचा आहे. त्याच्या चौपट, म्हणजे ८२,९४,४०० ठिपक्यांच्या पडद्यासाठी केलेले कार्ड त्याला जोडणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. यादीतली वरची तीन नावे तेथेच गळाली.

दुसरा प्रश्न घराचा. कॅबिनेटमध्ये लांबीची जागा किती, हे भाच्याने पट्टी लावून मोजून आणले होते. एसएमपीएस ५०० वॅटचा, चांगल्या बनावटीचा. खेळाच्या सर्वांत मोठ्या कार्डाला, २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ला, एकट्याला ५७५ वॅट लागतात! आपल्याला दीडशेच्या आसपास भागवायचे.

तिसरा प्रश्न रस्त्याचा. भाच्याचा मदरबोर्ड जुना आहे. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधली वाट त्यावर अरुंद. आरटीएक्स ५०६० हे कार्ड सोळांपैकी आठच पदऱ्यांची वाट वापरते. नव्या बोर्डावर ते चालून जाते, जुन्यावर अडते. इंटेलचे बी-५८० किमतीच्या मानाने भरघोस, १२ गिगाबाइटचे. पण त्याला आजी दमाची लागते, जुन्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडते, हे २०२५ च्या आरंभीच चाचण्यांत दिसून आले होते. राहिले एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी, जून २०२५ चे, सोळा पदऱ्यांचे. यातही एकाच नावाची दोन: ८ गिगाबाइट आणि १६ गिगाबाइट.

भाच्याने माझ्याकडे पाहिले. "मामा, ४०८० सारखेच काही असेल का?"

तपासले. या खेपेला चिप एकच होती, फरक खरोखर स्मृतीचाच. ८ चे कार्ड त्याच्या पैशात बसत होते. १६ च्याला काही हजार कमी पडत होते. आजचे त्याचे खेळ आठात चालतात. पण आणखी चार वर्षांनी? नवे खेळ चित्रांचे एवढे सामान बरोबर आणतात, की ते आठाच्या कोठीत मावत नाही. मग कार्ड कितीही चपळ असले तरी दर वेळी सामान बाहेरून आणावे लागते आणि खेळ अडखळतो. चिप थोडी मंद असेल तर खेळातली सजावट कमी करून निभावता येते, कोठी लहान पडली की निभाव लागणे कठीण, असा आमचा दोघांचा निष्कर्ष झाला.

मी खिशात हात घातला. तो पटकन म्हणाला, "फरकाचे पैसे तू दे मामा, मी नाही म्हणत नाही. पण या वेळी बघून दे."

दुकानदाराने खोके पुढे ठेवले. मी चष्मा लावला. खोक्यावरचे पूर्ण नाव, गिगाबाइट, कागदावरच्या नोंदीशी ताडून पाहिले. सील पाहिले. वॉरंटी किती वर्षांची आणि कार्ड बिघडले तर न्यायचे कोठे, हे विचारले. बिलावर कार्डाचा क्रमांक लिहून घेतला. दुकानदार हसून म्हणाला, "मास्तर दिसता." मी म्हटले, "हो, पण थोडा उशिरा झालो."

रात्री डोंबिवलीला कार्ड बसले. भाच्याने एक खेळ लावला. जुन्या शहरातली गल्ली, संध्याकाळचे ऊन, आणि भिंतीला टेकवलेली एक हातगाडी. तो पुढे पळत सुटणार तोच मी म्हटले, "थांब जरा." गाडीच्या चाकाची सावली भिंतीवर चढताना जेथे मोडायला हवी तेथेच मोडली होती. लाल भिंतीचा तांबूस उजेड चाकाच्या आतल्या कडेला लागला होता. आठवीच्या मुलांना हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी निम्मी मुले विसरतात.

"बरोबर आहे का?" भाच्याने विचारले.

"बरोबर आहे," मी म्हटले.

ताई मागे येऊन उभी राहिली होती. तिने पडद्याकडे पाहिले नाही. टेबलावरचे बिल उचलून वरपासून खालपर्यंत वाचले, घडी घातली आणि विजेच्या बिलांच्या फायलीत नीट लावून ठेवले.